भाऊ नागवेकरांचा एपिसोड

आमच्या आळीच्या तोंडाशी सध्या एक फ्लेक्स लागला आहे. वर भाऊ नागवेकरांचा फोटो, त्याखाली ‘ज्येष्ठ कलावंतास भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याच्याही खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. त्यांत पहिला फोटो शिवलकरचा. भाऊंच्या फोटोपेक्षा जेमतेम लहान. दूध आणायला मला रोज त्या फ्लेक्सखालून जावं लागतं आणि रोज माझं डोकं फिरतं.

शिवलकर म्हणजे नाक्यावरचं हार्डवेअरचं दुकान. वयाने माझ्याहून मोठा आहे, समोर भेटला की मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही. ज्या माणसाने भाऊंना अर्धं आयुष्य थापाड्या ठरवलं, तोच शोकसभेत उभा राहून म्हणाला, “आमच्या आळीचा माणूस टीव्हीवर चमकला होता, याचा आम्हाला अभिमान वाटतो.” लोकांनी माना डोलावल्या. मी उठले आणि बाहेर आले. तिथे बोलले असते तर भाऊंच्या पत्नीला, वहिनींना, त्रास झाला असता, म्हणून गप्प राहिले. आता गप्प राहायचं कारण नाही.

भाऊ एसटीत होते. स्टँडवर कंट्रोलर, म्हणजे कर्ण्यावरून गाड्या जाहीर करणारे. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये एक गडगा आहे, म्हणजे चिऱ्यांची नुसती रचून केलेली भिंत, कमरेएवढी. तिच्या पलीकडे ते आणि अलीकडे मी, अशी आमची सगळी ओळख. मी शाळेत गणित शिकवायची. ते मला ‘बाय’ म्हणत. माझे केस पांढरे झाले तरी बायच.

त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो लिहून सांगता येणार नाही. स्टँडवरचा तो कर्णा खरखरायचा, पण भाऊंचा आवाज त्या खरखरीतूनही सरळ यायचा. भारदस्त वगैरे नव्हता. रुंद होता. बोलणं सगळं इथलं, हेल काढून, वाक्याच्या शेवटी थोडं वर चढणारं. साखरप्याहून, पावसहून, गणपतीपुळ्याहून येणारी माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखत नसत, पण बाजारात भाऊ भाजीवाल्याशी दोन शब्द बोलले की मागचा माणूस वळून विचारायचा, “तुमी स्टँडवरचे का हो?”

दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांना खोटं बोलता येत नसे. हा काही मी त्यांचा मोठेपणा सांगत नाही, ती एक अडचण होती. दुसरे कंट्रोलर लोकांना झुलवत ठेवायचे. येतेय, निघालेय, वाटेत आहे. भाऊ माइकवर सांगायचे, “दापोली गाडी खेडलाच बंद पडलेय. आज यायची नाय. बसून राहू नका, घरी जा.” त्यावरून साहेबाने त्यांना केबिनमध्ये बोलावून झाडलं. एसटीची बदनामी होते म्हणे. भाऊ बाहेर आले, थेट माइकपाशी गेले आणि सगळ्या स्टँडला सांगितलं, “मघाशी मी बोललो ती गाडी अजून बंदच हाय.” 

घरीही तोच कारभार. रस्त्यावरून पाहुणा येताना दिसला की अंगणातूनच आत वर्दी जायची. “सुनंदा, तुजा भाव आलाय, हातात पिशवी नाय, जेवून जानार.” पाहुणा फाटकात उभा राहून ऐकायचा. वहिनी कपाळावर हात मारून घ्यायच्या. रागावले की मात्र ते बोलणंच बंद करत. एका आंबेवाल्याने पेटीत खाली बारका आंबा भरून दिला, तर त्याच्या वाडीवरून जाणारा रस्ताच त्यांनी सोडला. वळसा घालून जात. 

अशा माणसाला एक दिवस नट व्हायची पाळी आली.

तेव्हा टीव्हीवर एक गुप्तहेराची मराठी मालिका लागायची. मालिकेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला करू? दर आठवड्याला एक खून आणि दर आठवड्याला एक नवा पाहुणा कलाकार. त्यांतल्या एका खुनासाठी त्यांना खाडी हवी होती, म्हणून ते लोक कोकणात आले होते. वाटेत गाडी बिघडली आणि त्यांचा दिग्दर्शक आमच्या स्टँडवर येऊन बसला. कर्ण्यावरचा आवाज ऐकून तो विचारत विचारत कंट्रोलरच्या खिडकीशी आला. म्हणाला, मला होडीवाल्याच्या कामाला माणूस हवाय, आणि मला हाच आवाज हवाय. भाऊंनी आधी त्याला कुठे जायचंय ते विचारलं.

आंजर्ल्याच्या खाडीवर शूटिंग झालं. भाऊ रजा टाकून एकटेच एसटीने गेले. काम छोटं, पण मोक्याचं. खून खाडीपलीकडे झालेला असतो, एकजण सांगत असतो की मी त्या वेळी होडीने अलीकडे आलो होतो, आणि होडीवाला गुप्तहेराला सांगतो की तो माणूस खोटं बोलतोय, कारण तेव्हा भरती होती आणि भरतीच्या ओढीत होडी पलीकडे लागत नाही. भाऊंना त्यांनी दाढी चिकटवली, डोक्याला मुंडासं बांधलं. परत आल्यावर गडग्यापाशी उभं राहून त्यांनी मला सगळे संवाद म्हणून दाखवले. “माका पुस्तकी बोलायचं नाय, असा सांगितलान त्याने. घरात बोलता तसाच बोला, बोलला. मी बोललो, मंग सोपा हाय.” ‘माका’ ते नेहमी म्हणत नसत. फार खूश असले की त्यांच्या मालवणकडच्या आईचा शब्द तोंडात यायचा.

एपिसोड लागायची तारीख आली ती नेमकी शिमग्यात. इथे मुंबई-पुण्याचे लोक विचारतील, मग काय झालं? झालं असं की शिमग्याला आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आमच्या आळीचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी होता. त्यामुळे संध्याकाळी सगळी आळी भाऊंच्या पडवीत. टीव्ही बाहेर आणून टेबलावर ठेवलेला, पोरं पुढे, बाया मागे, शिवलकर खुर्चीवर. भाऊंची मुंबईची बहीण, दोन चुलतभाऊ, सगळे चाकरमानी शिमग्याला आलेले, म्हणजे मुंबईत राहून बघणारंही कुणी उरलं नव्हतं. मालिकेची नावं सुरू झाली आणि ढोल ऐकू आला.

पलीकडच्या वाडीत मानावरून भांडण झालं होतं. पहिलं घर कुणाचं, यावरून. पालखी तिथे टेकलीच नाही, मानकऱ्यांनी ती रागाने उचलली आणि सरळ आमच्या आळीत आणली. देव दारात आल्यावर टीव्ही बघत कोण बसणार? वहिनींनी स्वतः बटण दाबून तो बंद केला आणि ओटीचं ताट करायला आत धावल्या. आळीतलं पहिलं घर नागवेकरांचं, म्हणजे पालखी नाचवायला पहिला खांदा भाऊंचा. ते नाचले. मी बघत होते, चांगले नाचले. मग पालखी शिवलकरकडे, मग आमच्याकडे, मग पुढे, आणि सगळी आळी तिच्यामागे. परत येऊन टीव्ही लावला तेव्हा हातमागाच्या साड्यांबद्दल काहीतरी चाललं होतं.

शिमग्याच्या धांदलीत सगळ्या रत्नागिरीत आमच्या ओळखीतल्या कुणीच तो एपिसोड बघितला नाही. पुण्यात एकाने बघितला, आणि तो नेमका शिवलकरचा मेहुणा. मूळचा इथलाच, जन्मभर आमच्या स्टँडवरून ये-जा केलेला. त्याने फोनवर सांगितलं, “होडीवाला होता, पण तो नागवेकर नव्हे. नागवेकरचा आवाज मी झोपेत ओळखीन. हा कुणीतरी वेगळाच होता.”

झालं. शिवलकरच्या दुकानात दिवसभर माणसं येतात. खिळे घ्यायला आलेल्यालाही तो हे सांगायचा. नागवेकर शूटिंग बघायला गेला असेल, गर्दीत उभा राहिला असेल आणि येऊन सांगितलं, मीच नट. आठवडाभरात ते स्टँडवर पोचलं. भाऊंनी माइकवर गाडी जाहीर केली की टवाळ ड्रायव्हर विचारायचे, “भाऊ, ही गाडी खरंच लागलेय ना? का तुमच्या एपिसोडसारखी?” सगळे हसायचे. पुढे नवी भरती झालेली पोरंही हसू लागली, ज्यांना मूळ प्रकरण माहीतही नव्हतं.

आणि भाऊ? त्यांनी एकदाच, अगदी सुरुवातीला, शिवलकरच्या दुकानात जाऊन सांगितलं, “मी खोटा कशाला बोलू? बोलून मला काय मिलनार होता?” शिवलकर म्हणाला, “अरे, मस्करी रे. मनाला काय लावून घेतोस?” हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलंय. माणसाचं नाक कापायचं आणि वर त्यालाच म्हणायचं की रक्त काय दाखवतोस. त्या दिवसापासून भाऊ त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. घराला साधी कडी हवी झाली तरी ती पार साळवी स्टॉपवरच्या दुकानातून आणायचे.

भाऊंच्या निवृत्तीच्या समारंभात तर कहर झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. एका अधिकाऱ्याने विनोद म्हणून सांगितलं की नागवेकरांनी आयुष्यात एकच गाडी चुकीची जाहीर केली, ती टीव्हीची. टाळ्या पडल्या. भाऊ उठले. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला आणि वहिनींना म्हणाले, “चल.” मी मागच्या रांगेत होते. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, फारच रागीट बुवा. मी त्याला म्हटलं, तुमच्या बापाला कुणी असं बोललं तर तुम्ही लाडू वाटाल का?

नंतर बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त होऊन घरी बसल्यावर, गडग्यापलीकडून त्यांनी विचारलं, “बाय, तुज्या त्या फोनात जुनं सगळं मिलतं म्हनतात. माजा तो एपिसोड मिलंल का?” तोवर आवाज थोडा बसला होता, पण होता. म्हणाले, “लोकांना दाखवायला नको. सुनंदाला दाखवतो. ती काय बोलत नाय, पन तिच्यापन मनात कायतरी असंल.” 

हे ऐकून मला जे वाटलं ते वाटलं. मी शोधायला बसले.

टीव्ही वाहिनीला फोन केला. आधी बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी मराठी वाहिनीवरून हिंदीत म्हणाली, “मॅम, वो कंटेंट हमारे पास अवेलेबल नहीं है.” मी म्हटलं, कुठे गेलं? तिला ते माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायला हवं होतं असंही तिला वाटत नव्हतं. निर्माता वारला होता. त्याचा मुलगा फ्लॅट विकतो. त्याने सांगितलं, टेपांना बुरशी आली होती, फेकून दिल्या. माणसांनी जीव ओतून केलेलं काम, आणि हा रद्दी टाकल्यासारखं सांगतो. मी फोन आपटला असता, पण तो माझाच होता.

मग इंटरनेटवर लोकांनी चढवलेले तुकडे. रोज भाकऱ्या झाल्या की एक खून बघायचा, असा माझा नेम झाला. कुठे पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही. कुठे नाव एका गोष्टीचं, आत दुसरीच. आणि शेवटची नावं सगळ्यांनी कापलेली. पाहुणे कलाकार कोण होते ते कशाला हवं कुणाला? खाली मात्र शेकड्याने प्रतिक्रिया, बालपण आठवलं, डोळे पाणावले, बदामाची चित्रं. तुमचं बालपण सांभाळलंत, आणि ज्यांनी काम केलं त्यांची नावं कात्रीने कापलीत. 

शेवटी जुन्या मालिकांच्या एका ग्रुपवर सोलापूरचे एक गृहस्थ भेटले. त्यांची बायको दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला असायची, तिला घरी आल्यावर बघता यावं म्हणून ते दर आठवड्याला ती मालिका कॅसेटवर घेत. बायको गेली, कॅसेटी त्यांनी ठेवल्या होत्या. मी खाडी म्हटलं, होडीवाला म्हटलं, भरती म्हटलं. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी अख्खा एपिसोड पाठवला. मी लावला, आंजर्ल्याची खाडी दिसली, होडी दिसली, दाढीवाला दिसला, आणि मी पुढचं न बघता फोन घेऊन बाहेर पळाले. गडग्यावर चढून हाक मारली. समोरून शिवलकर दुकानाकडे चालला होता. त्यालाही म्हटलं, “या हो, या. आज तुम्हीपण बघा.” माझ्या आवाजात काय होतं ते त्याला कळलं असावं, कारण तो मुकाट आला.

पडवीत बाकावर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन ठेवला. भाऊ, वहिनी, शिवलकर, मी. शेजारच्या दोघीतिघी आल्या. गुप्तहेर धक्क्यावर आला, होडीवाला दोर गुंडाळत होता. त्याने मान वर केली आणि तोंड उघडलं.

आवाज भाऊंचा नव्हता.

कुणातरी बातम्या देणाऱ्याचा असावा तसा घासून पुसून गुळगुळीत आवाज. “त्या वेळी भरती होती, साहेब. भरतीच्या वेळी होडी तिकडे लागूच शकत नाही.” होडीवाला, आणि ‘लागूच शकत नाही’. वहिनी म्हणाल्या, “ह्ये कोन बोलतंय?” आणि शिवलकर म्हणाला, “मी तेव्हापासून काय सांगतोय?”

दाढीने चेहरा झाकलेला. ओळखायला राहिला होता तो आवाज, आणि तोच त्यांनी काढून टाकला होता. ज्या आवाजासाठी स्टँडवर शोधत आले होते तोच. वाऱ्याने रेकॉर्डिंग खराब झालं असेल, नाहीतर मुंबईत कुठल्या साहेबाच्या कानाला ही भाषा टोचली असेल. रत्नागिरीहून त्या माणसाला पुन्हा बोलावून घ्यावं, निदान त्याला कळवावं, एवढी माणुसकी कुणाकडे नव्हती. एक कंट्रोलर, त्याचं काय एवढं? संतापाने मला समोरचं दिसेना.

भाऊ म्हणाले, “बाय, परत लाव.” मी लावला. ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले. मग म्हणाले, “आता आवाज बंद कर. पूर्न बंद. शिवलकर, फोन हातात धर आनि त्याच्या तोंडाकडं बघ.”

शिवलकरने फोन धरला. भाऊ त्याच्यासमोर, फोनच्या मागच्या बाजूला उभे राहिले, पडदा दिसणार नाही असे. पडद्यावरच्या होडीवाल्याने मान वर केली, मी बोटाने खूण केली, त्याचे ओठ हलले, आणि भाऊ बोलले.

“त्या येलेला भरती व्हती, सायेब. भरतीला होडी त्या अंगाला लागतच नाय. मी तीस वर्सां होडी मारतंय. तो मानूस हितनं गेलाच नाय. त्याला माज्यासमोर आना, मी त्याच्या तोंडावर सांगतंय.”

इतक्या वर्षांनंतर एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी शिवलकरच्या खांद्यावरून बघत होते. त्या भाड्याच्या आवाजात जिथे वाक्य संपायचं तिथे होडीवाल्याचे ओठ पुढे हलतच राहायचे, आता प्रत्येक शब्द ओठांत बसत होता. ‘आना’ म्हणताना तोंड उघडत होतं, ‘सांगतंय’ म्हणताना मान वर चढत होती. आळीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वहिनी नवऱ्याकडे बघत नव्हत्या, फोनकडे बघत होत्या, आणि रडत होत्या.

प्रसंग संपला. शिवलकरने फोन खाली केला. “नागवेकर,” तो म्हणाला, “तूच रे तो. चुकलो मी.” 

भाऊंनी त्याच्या हातातून फोन काढून माझ्याकडे दिला. “मला काय सांगतोस?” ते म्हणाले. “मी हाय, ता मला ठावक होता. जितं जितं जाऊन मला खोटा पाडलास, तितं जाऊन सांग. स्टँडवर जा. कॅन्टीनला सांग, ड्रायव्हरांना सांग.” 

शिवलकरने मान खाली घातली. “आता त्यातला कोण राहिलाय तिथे?” तो हळूच म्हणाला. “सगळे रिटायर झाले. कितीक मेले. माझा पुण्याचा मेहुणा, तोही गेला.”

भाऊंनी ते ऐकलं. मला वाटलं आता ते कडाडतील, मीही तयार होते. पण त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, स्टँड आहे त्या बाजूला, आणि मग वहिनींना म्हणाले, “चल आत.” वहिनी गेल्या, त्यांच्यामागून ते गेले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही सगळे पडवीत तसेच उभे. आमच्या आळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही.